बुधवारचं गाणं : ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या एका सोसायटीच्या नोंदी

रविवार, 1 जून 2025

बेत असा. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर बुधवारी रात्री आठला गाणी सुचवायची, दर वेळी वेगळ्या प्रकारातली. नाट्यपद, जॅझ, लावणी, गझल, रॅप, सगळं. वार आणि वेळ सेक्रेटरी काकांनी ठरवली. बिनाका गीतमाला 1952च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर सुरू झाली ती बुधवारी रात्री आठची, आणि काकांच्या घरात त्या वेळी बोलायची कुणाची टाप नव्हती म्हणे. आकाशवाणीवरच्या सिनेमाच्या गाण्यांना कात्री लावणारे केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर आपले मराठीच, हेही त्यांनी ऐकवलं.

एक्सेलमध्ये तक्ता केला: पहिला आठवडा नाट्यसंगीत आणि भावगीत, दुसरा जॅझ-ब्लूज, तिसरा लोकसंगीत, चौथा नवीन काहीतरी. मग पुन्हा पहिल्यापासून. खर्च शून्य.

बुधवार, 4 जून

पाच गाणी, पाच लिंका, प्रत्येकाखाली माहितीच्या चार ओळी. मजकूर जुळवण्यात ऑफिसातून आल्यानंतरची सगळी संध्याकाळ गेली. अंगठे भरपूर आले.

शनिवार, 7 जून

अंगठा दिला म्हणजे ऐकलं असं नाही. लिफ्टमध्ये भेटेल त्याला विचारत सुटले. "अगं, किती पाठवलीस! निवांत ऐकू म्हटलं आणि राहूनच गेलं." जवळजवळ सगळ्यांचं हेच. एकीनं पहिलं गाणं अर्धं ऐकलं होतं.

आता आठवड्याला एकच गाणं. तबलावाले काका (पाचवा मजला, निवृत्त, अजून दोन मुलांना शिकवतात) म्हणाले, "गीतरामायण कसं पोचलं? पुणे आकाशवाणीनं 1955च्या रामनवमीला सुरू केलं आणि आठवड्याला एक गाणं दिलं. अधिक महिना आला म्हणून 56 झाली. छप्पन्न एकदम दिली असती तर कुणी ऐकली असती?"

बुधवार, 11 जून

'गंगा जमुना डोळ्यात उभ्या का'. पी. सावळाराम, वसंत प्रभू, लता. खाली एवढंच लिहिलं की हे सावळाराम आपल्या ठाण्याचे, इथले नगराध्यक्षही होते. लोकांनी ऐकलं, आणि ऐकून बोललेही. एका आजींनी स्वतःच्या पाठवणीची गोष्ट व्हॉइस नोटवर सांगितली, ती सगळ्या ग्रुपनं ऐकली. गाणं ओळखीचंच होतं, त्यामुळे ह्या यशाला मी फार भाव देत नाही.

बुधवार, 18 जून

तक्त्याप्रमाणे जॅझ. डेव्ह ब्रूबेक क्वार्टेटचं 'टेक फाइव्ह', 1959च्या 'टाइम आउट' ह्या तबकडीतलं. पाच मात्रांचं आहे, मजा येईल, असं लिहून टाकलं.

ग्रुपवर सामसूम. साडेआठला कुणीतरी पाण्याच्या टँकरबद्दल विचारलं आणि विषय तिकडे गेला.

रविवार, 22 जून

दारोदार जाऊन कारणं विचारली.

एक, बहुतेकांनी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं. त्यात डबल बास जवळजवळ गायब होतो, झांजा तेवढ्या वाजत राहतात. माझ्याच फोनवर लावून बघितलं, खरंच तसं आहे.

दोन, एका ॲपच्या फुकट खात्यात लिंक दाबली की भलतंच गाणं आधी लागतं. दोघांनी दुसरंच काहीतरी ऐकून "बरं आहे" म्हटलं होतं.

तीन, आणि हे खरं कारण: तबलावाले काका म्हणाले, "शब्द नाहीत, ओळखीचा राग नाही, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे तेही कळेना. टेकायचं कुठे माणसानं?"

तक्ता रद्द. प्रकारांची पाळी लावून दिली की प्रत्येक गाणं परकं होऊन दारात येतं. ह्यापुढे प्रत्येक नवीन गाणं आधीच्या गाण्याचं काहीतरी धरून येईल: तोच कवी, तेच वाद्य, तोच राग, नाहीतर तोच माणूस. आणि खाली माहितीऐवजी एकच ओळ, 'काय ऐकायचं'. लिंक फक्त यूट्यूबची, कारण ते प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे.

बुधवार, 2 जुलै

आषाढी 6 तारखेला, म्हणून भीमसेन जोशींचं 'इंद्रायणी काठी'. काय ऐकायचं: भीमपलास दुपारचा राग आहे, आपण हे गाणं बहुधा पहाटे ऐकत आलोय.

खाली गीतकार ग. दि. माडगूळकर लिहिल्यावर वाद पेटला. अर्ध्या ग्रुपचं म्हणणं, हा अभंग तुकोबांचा. एकानं पुरावा म्हणून यूट्यूबवरचं नाव दाखवलं, त्यावरही तसंच छापलं होतं. प्रत्यक्षात हे 1953च्या 'गुळाचा गणपती' सिनेमातलं गाणं, संगीत पु. ल. देशपांडे यांचं. वाद रात्री उशिरापर्यंत चालला आणि त्या निमित्तानं गाणं बऱ्याच जणांनी पुन्हा लावून ऐकलं. तरी सांगते, अपलोड करणाऱ्यानं दिलेल्या नावावर विसंबू नका. तबकडीचं वेष्टन किंवा सिनेमाची श्रेयनामावली बघून मगच लिहा.

मंगळवार, 8 जुलै

व्हॉट्सॲप न वाचणाऱ्यांसाठी, आणि वॉचमन दादांच्या हट्टाखातर, तळमजल्यावरच्या नोटीस बोर्डावर क्यूआर कोड लावला होता. आज तो स्कॅन केला की पैसे भरा म्हणणारं पान उघडतंय. फुकट मिळालेला कोड 'डायनॅमिक' होता. असा कोड आधी त्या कंपनीच्या पत्त्यावर जातो आणि तिथून आपल्या गाण्याकडे. चाचणीची मुदत संपली की मधला रस्ता बंद.

उपाय: यूट्यूबवर एक प्लेलिस्ट केली, अनलिस्टेड ठेवली (पत्ता असेल त्यालाच दिसते), आणि तिच्या पत्त्याचा साधा 'स्टॅटिक' कोड काढला. ह्यात मध्ये कुणी नाही, त्यामुळे मुदतही नाही. कोड तोच राहतो, मी दर बुधवारी नवं गाणं यादीत वर सरकवते.

पहिला कागद पावसाळी हवेनं पोपडला होता. लॅमिनेशन केलं तर ट्यूबलाइटची चमक पडून फोन वाचेना. दुसरं लॅमिनेशन मॅट करून घेतलं. कोड पाच सेंटिमीटरपेक्षा लहान छापू नका, वयस्क माणसांचा हात हलतो. दोन्ही लॅमिनेशनचे मिळून 80 रुपये, रंगीत प्रिंटचे 60.

बुधवार, 16 जुलै

जॅझकडे पुन्हा जायचंय, पण ह्या वेळी दादरमार्गे. 1951चा 'अलबेला', भगवानदादांचा. गाणं 'दीवाना ये परवाना', संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर. काय ऐकायचं: ट्रम्पेट.

गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट चितळकरांबरोबर काम करायचे, आणि त्यांचा बँड ह्या सिनेमात पडद्यावरही दिसतो. मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवणारी गोव्याची मंडळी दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी वाजवत होती. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ह्यांसारख्यांनी हिंदी गाण्यांच्या मागचा वाद्यमेळ बसवला. आपण जॅझ ऐकतच मोठे झालो, फक्त त्याला जॅझ म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

प्रतिसाद दणदणीत. सेक्रेटरी काकांनी पॅसेजमध्ये भगवानदादांची स्टेप करून दाखवली. व्हिडिओ आहे, टाकायला बंदी आहे.

बुधवार, 23 जुलै

चिक चॉकलेटना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. म्हणून आज खुद्द आर्मस्ट्राँग, 1928चं 'वेस्ट एंड ब्लूज'. काय ऐकायचं: सुरुवातीला ट्रम्पेट एकटाच येतो, साथीशिवाय, आणि नंतर आर्मस्ट्राँग शब्द सोडून नुसत्या आवाजांनी गातो.

खरखर फार आहे, अशी तक्रार आली. 'स्वच्छ केलेली' आवृत्ती शोधून ऐकली, तिच्यात खरखरीबरोबर ट्रम्पेटची धारही गेली होती. जुनीच ठेवली. गाणं शिकणारी सातवीतली मुलगी म्हणाली, "मावशी, हा सरगम न म्हणता तानाच घेतोय." तिला अजून दोन गाणी दिली.

बुधवार, 30 जुलै

'टेक फाइव्ह', पुन्हा. ह्या वेळी माहिती मी लिहिली नाही. तबलावाले काकांना इअरफोन दिले आणि ऐकता ऐकता काय वाटतं ते बोला म्हटलं, तेच व्हॉइस नोट म्हणून टाकलं. त्यांनी मांडीवर तीन-दोन, तीन-दोन असं मोजलं. मग ड्रमचा सोलो आला आणि ते थांबलेच. "अरे, हा पियानोवाला लेहरा धरून बसलाय!"

बरोबर आहे. तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियम किंवा सारंगी एकच ओळ फिरवत राहते, तबलजी तिच्या जिवावर बाहेर जातो आणि समेवर परत येतो. इथे जो मोरेलो ड्रमवर मोकळा सुटतो तेव्हा ब्रूबेकचा पियानो तीच पाच मात्रांची ओळ धरून ठेवतो. काकांनी खाली एक ओळ जोडली: "झपतालाच्या दहा मात्रा दोन-तीन-दोन-तीन. इथे पाच, आधी तीन मग दोन. टाळी देऊन बघा."

रात्री तीन-चार घरांतून टाळ्या ऐकू येत होत्या. जूनमध्ये टँकरच्या चर्चेत बुडालेलं हेच गाणं. मधली दोन गाणी आणि तो लेहरा नसता तर आजही बुडालं असतं.

रविवार, 3 ऑगस्ट

सोसायटीच्या हॉलमध्ये एकत्र ऐकण्याची पहिली बैठक. एका सभासदानं आदल्या दिवशी हरकत घेतली: सार्वजनिक ठिकाणी गाणी लावायला परवाना लागतो, सोसायटीला नोटीस आली तर? शंका चुकीची नव्हती. चौथ्या मजल्यावरच्या वकील ताईंनी 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 (1) (के) काढून दाखवलं. निवासी जागेतल्या रहिवाशांच्या सामाईक बंदिस्त हॉलमध्ये, रहिवाशांसाठीच्या सोयीचा भाग म्हणून, ध्वनिमुद्रण ऐकवायला सूट आहे. त्यांनी दोन गोष्टी मात्र बजावल्या. बाहेरच्यांना तिकीट लावून बोलवायचं नाही, आणि ग्रुपवर एमपीथ्री फायली फिरवायच्या नाहीत, लिंकच द्यायची. एक दादा उत्साहानं फायली पाठवत होते, त्यांना समजावलं.

स्पीकर एका घरातला जुना होम थिएटर. ब्लूटूथ सारखं तुटत होतं, शेवटी 250 रुपयांची केबल आणली. एक्स्टेंशन बोर्ड 450. हॉलच्या पुढची शेड पत्र्याची, सर आली की काही ऐकू येत नाही. पावसाळ्यात असं काही करणार असाल तर आधी छत बघा.

बुधवार, 6 ऑगस्ट

नारळी पौर्णिमेचा आठवडा. 'मी डोलकर', शांता शेळके, हृदयनाथ, आवाज हेमंतकुमार आणि लता. इथे आधीच्या गाण्याचा धागा मी सोडला, सणाचा धरला.

रविवार, 10 ऑगस्ट

ह्या गाण्यानं मला कुठल्या कुठे नेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं माहेर घणसोली गावातलं, आगरी. त्या म्हणाल्या, "गाणं गोड आहे गं, पण हे रेडिओचं. आमच्या हलदीला धवलारीण बसते, ती गाते ते ऐकलंयस कधी?"

ऐकलं नव्हतं. ऐरोलीच्या ऑफिसला रोज ट्रान्सहार्बर लोकलनं जाते, पुढे रबाळे, मग घणसोली स्टेशन. त्या काचेच्या इमारतींच्या मागे गाव आहे एवढंच माहीत होतं.

काल काकूंबरोबर त्यांच्या आत्यांकडे गेले. धवले म्हणजे लग्नातल्या प्रत्येक विधीची गाणी. वाद्य नाही. धवलारीण सुरू करते, बाकीच्या बायका मागून उचलतात. कुठलं कधी गायचं हे ठरलेलं, आणि सगळं पाठ, वही नाही. आत्या गायला लागल्या आणि अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं की चाल फार थोड्या सुरांत फिरते, सगळा डोलारा शब्दांवर आहे. माझा कान तोपर्यंत चाल शोधत बसला होता.

फोनवर रेकॉर्ड केलं ते घरी येऊन लावलं तर आवाज मध्येमध्ये गिळलेला. फोनचं रेकॉर्डिंग ॲप आपण होऊन गोंगाट कमी करतं आणि लांबवलेल्या सुरालाच गोंगाट समजतं. पंखाही चालू होता. काकू फोनवर आत्यांशी बोलल्या आणि आज पुन्हा गेलो. गोंगाट कमी करण्याची सेटिंग बंद, पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर आणि चौपदरी चादरीवर. हे नीट आलं.

आत्यांच्या मुलानं स्पष्ट सांगितलं, नेटवर टाकायचं नाही. पूर्वी कुणीतरी लग्नातलं रेकॉर्डिंग उचलून त्याच्यावर बीट चढवला होता. म्हणून हे फक्त हॉलमध्ये वाजेल, आत्या समोर बसलेल्या असताना. प्लेलिस्टमध्ये त्या आठवड्याची जागा रिकामी राहील.

बुधवार, 13 ऑगस्ट

श्रावण चालू आहे, म्हणून 'मंदारमाला' नाटकातलं 'जय शंकरा गंगाधरा'. पं. राम मराठे, पद विद्याधर गोखल्यांचं, राग अहिर भैरव. मराठेबुवा ठाण्याचे, महापालिकेचा संगीत महोत्सव त्यांच्याच नावानं होतो. ठाणे म्हटलं की आमचा ग्रुप लगेच कान टवकारतो, हे हत्यार पुरवून वापरायचं ठरवलंय.

बुधवार, 20 ऑगस्ट

काल पावसानं लोकल बंद, आज निम्मी बिल्डिंग घरी. अहिर भैरवच पुढे नेला: मन्ना डे, 'पूछो ना कैसे मैंने रैन बिताई', 1963. काय ऐकायचं: गेल्या आठवड्यातल्या पदात हाच राग छाती पुढे काढून उभा होता, इथे खचून बसलाय. आतापर्यंत सर्वांत जास्त लोकांनी पूर्ण ऐकलेलं गाणं हेच. श्रेय बहुधा पावसाला.

बुधवार, 27 ऑगस्ट

गणपती. सुट्टी. चौकातल्या मंडळानं रात्री दहापर्यंत जे सुचवलं तेच सगळ्यांनी ऐकलं. पुढच्या बुधवारीही सुट्टीच.

बुधवार, 10 सप्टेंबर

लावणी. 'पदरावरती जरतारीचा मोर नाचरा हवा', सुलोचना चव्हाण, 'मल्हारी मार्तंड', संगीत वसंत पवार.

दोन हरकती आल्या. एक, फॅमिली ग्रुपवर लावणी? दोन, तीही पितृपक्षात? दुसरीला माझ्याकडे उत्तर नव्हतं, ती मान्य करून टाकली. पहिलीला होतं. ही लावणी लिहिणारे माडगूळकर, ज्यांच्या 'इंद्रायणी काठी'वरून जुलैत आपण रात्र जागवली तेच, आणि गीतरामायणही त्यांचंच. सुलोचनाबाई डोक्यावर पदर घेऊन लावणी गायच्या, 2022मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हरकत घेणाऱ्या काकांनी "ठीक आहे" असं लिहिलं, मग तासाभरानं ढोलकीच्या तुकड्याची वेळ लिहून पाठवली, हे बघा म्हणून.

काय ऐकायचं ह्याच्यात मी शब्द लिहिले होते. लोकांनी ढोलकी ऐकली. पुढचं गाणं तिकडूनच काढावं लागेल.

बुधवार, 17 सप्टेंबर

म्हणून आज कॉलेजातल्या पोरांच्या हाती दिलं. त्यांनी 2024चं 'तांबडी चामडी' टाकलं, क्रेटेक्स आणि श्रेयस, मराठी शब्दांवर हाउस संगीत. त्यांची ओळ: 'गेल्या आठवड्यात ढोलकी खेळत होती, आता मात्रा मोजा, प्रत्येक मात्रेवर किक (ड्रमचा जड ठोका) आहे, एकही चुकत नाही.' हे प्रकरण 1980च्या दशकात शिकागोच्या क्लबांत सुरू झालं, हेही त्यांनी लिहिलं.

तबलावाले काका : "सगळ्याच मात्रा सम असतील तर सम कुठली?"
पोरगा : "काका, नाचताना सम शोधायला वेळ नसतो."

काकांनी पूर्ण ऐकलं. आवडलं नाही. तसं त्यांनी मतदानात नोंदवलंही. 'आवडलं' आणि 'पूर्ण ऐकलं' हे दोन प्रश्न आता मी वेगळे विचारते. नाहीतर न आवडलेलं गाणं शेवटपर्यंत ऐकणारा माणूस हिशोबात दिसतच नाही, आणि मला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो.

रविवार, 21 सप्टेंबर

धवल्यांची बैठक झाली, आत्या आल्या होत्या. रेकॉर्डिंग लावायची वेळच आली नाही, त्यांनी समोर बसूनच म्हटलं.

खर्च आजवर: लॅमिनेशन 80, प्रिंट 60, केबल 250, एक्स्टेंशन बोर्ड 450, दोन बैठकांचा चहा आणि खारी 900. एकूण 1740 रुपये. निम्मे सोसायटीनं दिले, बाकीचे आम्ही चौघांनी वाटून घेतले. वेळ दर गाण्यामागे दोनेक तास जातो, त्यातला बराचसा योग्य ध्वनिमुद्रण शोधण्यात, कारण जुन्या गाण्याचं नाव टाकलं की आधी रीमिक्स आणि कव्हर येतात.

कुणाला आपल्या बिल्डिंगीत सुरू करायचं असेल तर आमच्या शीटचे रकाने असे: तारीख, गाणं, आवाज, गीतकार, संगीतकार, मूळ कशातलं, कशाला धरून आलं, काय ऐकायचं, लिंक तपासल्याची वेळ. शेवटचा रकाना बुधवारी संध्याकाळी सातला भरायचा. रविवारी चालणारी लिंक बुधवारी 'व्हिडिओ उपलब्ध नाही' म्हणते, हे आमच्याकडे झालंय.

उद्या घटस्थापना. 24 तारखेच्या बुधवारसाठी पोरांना गरबा हवाय, तबलावाले काकांना किशोरीताईंचा भूप. अजून ठरलेलं नाही.